कोरा खिळा

डोळा लागतोय. अमरावतीचा मे महिना आहे, जेवणं झालीत, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलंय आणि मागच्या खोलीत मी आडवी झालेय. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास येतोय. छातीवर एक कागद आहे, माझ्या लेकीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर. वाऱ्याने त्याचा कोपरा सारखा हनुवटीला लागतोय आणि मी तो माशीसारखा हाकलतेय.

सासूबाई म्हणायच्या, भर दुपारी झोपू नये, हाक कोणाची येईल सांगता येत नाही. मी तेव्हा नवी होते आणि मनातल्या मनात हसायचे. आता हसत नाही, पण झोप काही कुणाचं ऐकत नाही.

हा मजकूर संध्याकाळी छपाईला जायचाय. सगळं झालंय. वरचा गणपती झालाय, मुहूर्त झालाय, मंगल कार्यालयाचा पत्ता झालाय. अडलंय फक्त माझ्या नावाशी. माझ्या नावाआधी काय लावायचं ते मला ठरवायचंय, आणि माझं ठरत नाहीये.

हे कुणाला सांगितलं तर हसेल. लग्नपत्रिकांचे मजकूर जुळवण्यात माझी हयात गेली. आमचा छापखाना आहे, म्हणजे माझे यजमान दिगंबर निंभोरकर यांचा. मी लग्न होऊन आले तेव्हा इथं शिशाचे खिळे होते, एकेक अक्षर उचलून ओळ जुळवायची. मी ते शिकले. पुढे कॉम्प्युटर आला, खिळे भंगारात गेले, छपाई बाहेरून होऊ लागली, तरी मजकूर माझाच राहिला. कुठल्या नावाआधी काय लावायचं याबाबतीत आमच्या भागात माझा शब्द अखेरचा. मुलाला चि., मुलीला चि. सौ. कां., नवरा असलेलीला सौ., गेलेल्या माणसाला कै. आणि नवरा गेलेल्या बाईला गं. भा. गंगाभागीरथी. अर्थ विचारा कुणालाही, नीट सांगतील, गंगेसारखी पवित्र. याहून मोठा मान बाईला काय द्यायचा? पण हा मान नावाआधी लागला की बाई फोटोत आपोआप मागच्या रांगेत सरकते. ते काही अर्थात लिहिलेलं नसतं.

हे गेल्या दिवाळीनंतर गेले. छातीत दुखतंय म्हणाले. दवाखान्याच्या खिडकीशी मला विचारलं, "पेशंटचं नाव?" आणि मी म्हणाले, "दिगंबर." उभ्या संसारात पहिल्यांदा ते नाव माझ्या तोंडून नुसतं बाहेर पडलं, आणि मला ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं. माझ्यासाठी ते 'अहो' होते. शब्दकोशात 'अहो'ला अर्थच नाही, हाक मारायचा शब्द एवढंच म्हणतात. परवा मी भाजीवाल्याला म्हणाले, "अहो, भेंडी कशी दिली?" आणि तिथंच माझा आवाज गेला. भेंडी न घेताच घरी आले.

सकाळी माझे मोठे दीर येऊन गेले. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांनी मजकूर तपासला आणि लाल पेनाने माझ्या नावाआधी गं. भा. लिहिलं. आवाज अगदी मवाळ होता. "सुलभा, रीत आहे. उगीच वरपक्षाकडे चर्चा नको." केतकी, माझी लेक, अशी भडकली की विचारू नका. तिचं म्हणणं, काहीच लावू नको, आणि लावायचंच असेल तर श्रीमती लाव. श्रीमती म्हणजे लक्ष्मी जिच्या घरी आहे ती. मला मात्र श्रीमती म्हटलं की निवृत्त मुख्याध्यापिकाच डोळ्यांसमोर येते, हातात छडी घेतलेली. दोघंही माझ्या भल्याचंच बोलत होते आणि दोघांनाही मी मनातलं सांगू शकले नाही. कारण माझ्या मनात सौ. आहे. मला सौ.च हवा. तो आता माझा नाही हे मला कळतं, मी काही खुळी नाही. तरी हवा तोच. एकदा पत्रिका छापली की घरोघरी जाईल, आणि तिच्यात जे छापलंय ते मी होऊन बसेन.

कूलर घरघरतोय. घरघर हळूहळू तुटक होत जाते. खटक्. थांबते. खटक्.

हा ट्रेडलचा आवाज आहे, छपाईच्या जुन्या पायमशीनचा. ते मशीन विकून किती वर्षं झाली.

मी पडदा बाजूला सारून दुकानात येते. कॉम्प्युटरचं टेबल नाही, झेरॉक्सचं मशीन नाही. भिंतीला खिळ्यांच्या केसी उभ्या आहेत, लहान लहान खणांच्या, प्रत्येक खणात एक अक्षर. शाईचा आणि रॉकेलचा वास भरलाय. शटरखालून उन्हाची पट्टी आत येतेय, पण ती फरशीवर पडत नाही, फरशीच्या जरा वर थांबलीय. ट्रेडल आपलं आपणच चाललंय. त्यावर कुणाचा पाय नाही.

ते केसीपाशी उभे आहेत, माझ्याकडे पाठ करून. मानेवरून मी ओळखते. अंगात स्वेटर आहे, गळ्याला मफलर गुंडाळलाय.

मी हाक मारायला तोंड उघडते. बाहेर येतं, "कैलासवासी दिगंबर निंभोरकर." मजकुरात आहे तसंच्या तसं, माझ्याच आवाजात. ते वळत नाहीत. खिळे उचलतायत, हातातल्या स्टिकमध्ये, ओळ जुळवायच्या पट्टीत, लावतायत. टक्. टक्.

"दिगंबरराव," मी म्हणते. ऐकू गेल्याचं दिसत नाही.

"अहो."

ते लगेच वळतात.

चेहरा त्यांचाच आहे. भुवयांवर आणि मिशीवर पांढरं काहीतरी बसलंय. मला वाटतं कागदाचा भुसा असेल. मी पदराने पुसायला जाते आणि बोटांना चटका बसतो, इतकं ते गार आहे. बर्फ आहे तो.

"अवं, किती वेळ लावला," ते म्हणतात. "थंडीनं मरून राहिलो मी इथं." आणि आपल्याच बोलण्यावर हसतात. हसणंही त्यांचंच, एका बाजूने.

"थंडी कसली? मे महिना आहे. रस्त्यावरचं डांबर चपलेला लागतंय."

"तुह्याकडं असंल. मी जिथं बसतो तिथं नाई."

"कुठं बसता तुम्ही?"

"तू लिवलं तिथं."

ते मानेने दाखवतात. ट्रेडलच्या मागे भिंत असायला हवी. तिथं आता पांढरा चढ आहे, वर कुठपर्यंत गेलाय ते दिसत नाही. चढावर माणसं बसलीत, रांगेने, एकामागे एक, सगळ्यांची पाठ आमच्याकडे. हलत नाहीत, बोलत नाहीत. मला काही पाठी ओळखू येतात. ती वाकलेली पाठ किराणावाल्या गुल्हाने शेटजींची, त्यांच्या तेरवीचं कार्ड आम्हीच छापलं होतं. ती रुंद पाठ पोस्टातल्या खंडारेंची. सगळ्यांच्या नावाआधी मी कै. लावलेलं आहे.

"जागा वाईट नाई," हे म्हणतात. "कैलास हाये शेवटी, नाव ठेवायले जागा नाई. पण मले तिथं कोणी ओळखत नाई. कोणी कोणाले हाक मारत नाई. नुसतं बसा."

मी त्यांचे हात हातात घ्यायला बघते. ते स्टिक पुढे करतात, हात मागे घेतात. हा माणूस भर उन्हाळ्यात कूलर बंद करायचा. गार वारा लागला की सांधे धरतात म्हणायचा, आणि मग आम्ही दोघं त्यावरून भांडायचो. त्याला मी बर्फात नेऊन बसवलं. मला रडू येतं आणि थोडा रागही येतो, की मला काय माहीत, सगळेच लावतात.

"मले काढ तिथून," ते म्हणतात.

"मग लोकांना कळणार कसं, तुम्ही..."

"मेलो म्हणून? ज्यायले माहीत हाये त्यायले हाये. ज्यायले नाई ते काय पत्रिका वाचून रडनार हायेत? ते जेवाले येऊन राहिले, जेऊन जातीन."

मी हसते. रडता रडता हसते. त्यांच्यापुढे माझं कायम असंच व्हायचं.

तेवढ्यात शटरकडून नानांचा आवाज येतो. नाना दिसत नाहीत, फक्त आवाज, सकाळचाच, मवाळ. ते मजकूर वाचतायत. गणपती वाचतात, मुहूर्त वाचतात, मंगल कार्यालय वाचतात. मग म्हणतात, "गंगाभागीरथी सुलभा दिगंबर निंभोरकर."

शटरखालून पाणी आत येतं.

स्वच्छ पाणी आहे, तळ दिसावा इतकं. आधी तळपायाला लागतं, मग घोट्याला. ते आवाज करत नाही. वर चढत जातं तसतसं दुकान लांब होत जातं, काउंटर दूर जातो, समोरची भिंत दूर जाते, आणि जिथं रस्ता असायचा तिथं आता नदीचं पात्र आहे. दुसरा काठ नाही. पात्रात बाया उभ्या आहेत, गळ्याइतक्या पाण्यात, ओळीने. पांढऱ्या, फिकट, पिस्ता रंगाच्या साड्यांचे पदर पाण्यावर तरंगतायत. सगळ्यांचे चेहरे शांत आहेत. त्या शांतपणाकडे बघून माझ्या अंगावर काटा येतो.

एक चेहरा ओळखीचा निघतो. मागच्या गल्लीतल्या वेणूताई. त्यांनाही जाऊन बरीच वर्षं झाली. मुलाच्या लग्नाच्या पत्रिका न्यायला त्या दुकानात आल्या होत्या. गठ्ठ्यातली एक काढून त्यांनी आधी आपलं नाव शोधलं, त्याआधीच्या गं. भा.वरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "छान आलं हो छापून." लग्नात हळद लागताना मी त्यांना शोधायला गेले, तर त्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेल्या, एकट्या, समोर सोलायला काही नसताना. जा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. नावाआधी होतं तेवढं त्यांना पुरलं होतं.

"ये गं," वेणूताई म्हणतात. "पाणी चांगलं आहे. पवित्र आहे."

"थंड आहे का हो?"

"सवय होते."

"खाली पाय टेकतात?"

त्या जरा आठवून बघतात. "आता काही कळत नाही बाई," असं म्हणतात आणि बाजूला सरकतात. त्यांच्याबरोबर सगळी ओळच सरकते, एका हालचालीत, आणि मधे एक जागा मोकळी होते. कुणी ओढत नाही, कुणी बळजबरी करत नाही. पाण्याची मला एवढी भीती नाही. भीती त्या जागेची वाटते, कारण ती माझ्या मापाची आहे. खांदा, उंची, सगळं बरोबर. माझे पाय आपोआप तिकडे वळतात आणि पाणी गुडघ्याच्या वर येतं.

"अहो!" मी वळून म्हणते. "मला सौ. द्या. मला तिकडे जायचं नाही. मला माझा सौ. द्या."

बोलून टाकलं. घरात कुणाजवळ बोलले नाही ते बोलून टाकलं.

ते केसीकडे वळतात. लग्नाच्या दिवसांत सौ. इतका लागायचा की स, काना, मात्रा आणि टिंब वेगवेगळं जुळवत बसायला नको म्हणून त्यांनी अख्खा सौ. ओतून आणलेला होता. त्याचा खण वेगळा, उजव्या हाताला. ते खणात बोटं घालतात, चाचपतात. मग ती अख्खी केस बाहेर ओढून माझ्यासमोर धरतात. सगळ्या खणांत खिळे भरलेत. तो एक खण रिकामा आहे, तळाला जरा धूळ.

"तो माह्यासंगच गेला," ते म्हणतात.

मला माहीत होतं. पाणी कमरेला लागतं. बाया वाट बघतायत, घाई नसलेल्या माणसांसारख्या.

"मग मी कोण म्हणून उभी राहू मांडवात?" मी विचारते. "सांगा ना. इतक्या जणींना मी सांगितलं काय लावायचं. मला कोण सांगणार?"

असं काही विचारलं की ते हातातलं काम करत राहायचे. आताही स्टिकवर वाकलेत. मी जवळ जाऊन बघते. ओळ उलटी आहे, खिळ्यांची ओळ उलटीच असते, पण मला ती सवयीने वाचता येते. सुलभा दिगंबर निंभोरकर. नावाआधी जागा सुटलीय.

"इथं काही नाही," मी म्हणते.

"नीट पाय."

मी नीट पाहते. तिथं खिळा आहे. त्यावर अक्षर नाही.

आणि एकदम आम्ही तरुण आहोत. पाणी आहेच, कमरेइतकं, पण आम्ही तरुण आहोत आणि हे माझ्या लग्नानंतरचं पहिलं वर्ष आहे. मी पहिल्यांदा अख्खी पत्रिका एकटीने जुळवलीय. अक्षरं सगळी बरोबर, एक काना चुकलेला नाही. दोन शब्दांच्या मधे जिथं मोकळं हवं तिथं मी मोकळं ठेवलंय. मोकळं म्हणजे काही नाही, मग तिथं लावायचं काय, असा माझा हिशोब. मोठ्या ऐटीत मी खिळ्यांची चौकट उचलते आणि सगळी पत्रिका फरशीवर सांडते. नवरा नवरी, दोन्हीकडचे आईबाप, मुहूर्त, सगळे खिळे कपाटाखाली. मी रडायला लागते. हे खाली बसून खिळे वेचायला लागतात आणि पोट धरधरून हसतात.

"अवं, रिकामी जागा बी जुळवा लागते," ते म्हणतात. तेव्हाही म्हणाले होते, आताही म्हणतायत, मिशीवर बर्फ असताना. "तिथं बी शिसंच असते. कोरं असते, बुटकं असते, शाई लागत नाई त्याले. पण ते काढलं तर बाकीचे उभे राहात नाईत."

त्याला आम्ही क्वाड म्हणायचो. कागदावर तो कधी उमटत नाही. वाचणाऱ्याला कळतही नाही की तिथं काही होतं.

ते तो खिळा ओळीतून उचलतात. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून माझ्या तळहातावर ठेवतात आणि माझी मूठ मिटतात. आता त्यांचा हात मला लागतो. बर्फाचाच आहे. मी दुसरा हात वरून ठेवते.

"सौ.च्याच मापाचा हाये," ते म्हणतात. "तंतोतंत. घासून पायला मी."

"आणि तुमच्या नावाआधी?"

"मले बी हाच लाव. दोघायले एकच."

"तुम्ही मग कुठं बसाल?"

ते मफलर सारखा करतात. "पाहू. घराकडं कुठंतरी."

"तुह्या हाताले ऊब हाये," ते म्हणतात, आणि हात सोडवून घेतात. चढाकडे चालू लागतात. त्यांच्या जाण्याने पाणी हलत नाही. मी मागे जायला बघते तर पाण्यात पाय उचलत नाही. ते रांगेपाशी पोचतात. गुल्हाने शेटजी न बघता सरकून जागा करतात. ते पाठ करून बसतात. आणि त्या सगळ्या पाठींमधे मला त्यांची पाठ ओळखू येईनाशी होते. आत्ता होती, आत्ता नाही. मी प्रत्येक मानेकडे बघतेय. स्वेटर सगळ्यांनाच आहेत.

मी सगळा श्वास गोळा करून ओरडते.

"अहो!"

आणि चढावरची सगळीच माणसं वळतात.

सगळी. खालपासून वर दिसेनाशा टोकापर्यंत. शेकडो चेहरे, भुवयांवर बर्फ, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत एकच, की आपल्याला बोलावलं. इतक्या आशेने माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही. मग ते मला निरखून बघतात. हाक आपल्या बाईची नाही हे एकेकाच्या लक्षात येतं आणि चेहरे पुन्हा वळायला लागतात, एकामागे एक, खालून वर. मागे पात्रातल्या बायांनीही माना उचलल्यात. त्या ओठ हलवून काहीतरी म्हणून बघतायत, आवाज न करता. मी त्यांच्या ओठांवरचं वाचते. तोच शब्द आहे.

एक चेहरा वळत नाही. रांगेच्या मधोमध. एका बाजूने हसतोय.

"आई! अगं आई, उठ ना!"

केतकीचा हात माझ्या खांद्यावर आहे. खोलीत उकाडा दाटलाय. कूलरचा पंखा नुसती गरम हवा फेकतोय, टाकीतलं पाणी संपलंय, ताट्या कोरड्या ठणठणीत झाल्यात.

"केवढ्यानं ओरडली तू. 'अहो' म्हणून. मी बाहेर दचकले ना." ती माझा चेहरा बघते. पदराने माझं कपाळ टिपते, माझ्याच पदराने.

मी उठून बसते. साडी कोरडी आहे, पाय कोरडे आहेत. मजकुराचा कागद जमिनीवर पडलाय. दुकानात झेरॉक्सचं मशीन जागच्या जागी आहे आणि त्यामागे भिंत आहे. मी ती भिंत जरा जास्त वेळ बघते.

"बाबा आले होते का?" केतकी हळूच विचारते.

"थंडी वाजतेय म्हणाले."

ती कॉम्प्युटरपुढे जाऊन बसते, पाठ माझ्याकडे करून. मान त्यांच्यासारखीच आहे तिची, हे मी कितीदा बघितलंय, पण आज बघवत नाही. मी मागे जाऊन उभी राहते.

"पाठवायची वेळ होऊन राहिली आई. काय ठेवू?"

"बाबांच्या नावाआधीचं कै. काढ."

ती मागे वळून बघते, मग काढते.

"माझ्या नावाआधीचं नानांनी लिहिलेलं घालू नकोस. श्रीमतीही नको. सौ.ही नको."

"म्हणजे नुसती नावं. मी तेच म्हणून राहिली होती ना सकाळपासून."

"नुसती नाहीत. नावं डावीकडे सरकवू नकोस. होती तिथंच राहू दे. दोन्हीच्या आधी जागा सोड, सौ. मावेल एवढी."

"अगं, बाकीची नावं एका रेषेत आणि तुमची दोन आत गेलेली दिसतील. लोकांना वाटेल काहीतरी छापायचं राहून गेलं."

"वाटू दे."

"आणि नाना?"

"नानांना मी सांगते. माझा शब्द अखेरचा असतो यात, विचार कुणालाही."

ती स्क्रीनकडे बघत बसते. दोन नावं, एकाखाली एक, आणि दोन्हीच्या आधी तेवढीच कोरी जागा. बघता बघता तिचे डोळे भरून येतात. काही लिहिलेलं नसताना तिला ते वाचता आलं, आणि माझ्या जिवाला बरं वाटतं.

"एका मापाच्या आहेत ना गं दोन्ही?" मी विचारते.

"तंतोतंत," ती म्हणते आणि नाक ओढते. मग तिचं लक्ष माझ्या उजव्या हाताकडे जातं. "मूठ काय आवळून धरली एवढी? काय आहे त्यात?"

मला तोवर कळलंच नव्हतं की मूठ मिटलेली आहे. बोटं आखडलीत, एकेक उघडावं लागतं. तळहातावर शिशाचा एक लहानसा तुकडा आहे, बुटका, कडा घासून सारख्या केलेल्या, वरच्या तोंडावर अक्षर नसलेला. आमच्या घरातले खिळे भंगारात गेले तेव्हा केतकी शाळेतही जात नव्हती. तिला ते काय आहे हे माहीत नाही.

ती बोट लावते आणि झटकन मागे घेते. "आई! बर्फासारखं गार आहे हे."

"हो," मी म्हणते, आणि मूठ परत मिटून वरून दुसरा हात ठेवते. बाहेर डांबर वितळतंय, कूलर कोरडा पडलाय. मी तशीच उभी राहते, तो खिळा कोमट होईपर्यंत.